सोमवारचं आतडं

केंद्राच्या फाटकापाशी हजेरीचं मशीन बसवलं, त्या दिवसापासून अण्णांचं आणि त्याचं भांडण सुरू झालं. आम्ही अंगठा टेकवायचो, मशीन बायकी आवाजात 'थँक यू' म्हणायचं आणि आम्ही आत जायचो. अण्णा अंगठा टेकवायचे आणि मशीन म्हणायचं, 'प्लीज ट्राय अगेन.' अण्णा अंगठा धोतराला पुसून पुन्हा टेकवायचे. 'प्लीज ट्राय अगेन.' असं सात-आठ वेळा झालं की मागे रांग लागायची. मग अण्णा मशीनपुढे हात जोडायचे.

"बाई, तुझ्या जन्माच्या आदीपासनं हितं कामाला हाय मी. तू मला न्हाई वळखलीस तर न्हाई. मीबी तुला वळखत न्हाई."

एवढं बोलून वहीत सही करून आत.

ती सही म्हणजे अण्णांचा मोठा तोरा होता. तरुणपणी साक्षरतेच्या वर्गात बसून ती ते शिकले होते. अक्षरं कानडी, आणि शेवटच्या अक्षराची शेपटी रकान्याबाहेर, कधीकधी पानाबाहेर. सही यायला लागल्यापासून त्यांनी कुठल्याच कागदावर अंगठा दिला नव्हता. रेशनच्या दुकानातसुद्धा अंगठ्याला बायकोला पुढे करत. "सही येती मला. मग अंगठा कामून मागायलेत? मी काय अडाणी हाय?" हे ते मशीनला, कारकुनाला आणि एकदा फाटकातून आत आलेल्या पोस्टमनलाही विचारून झालं होतं.

बीदरच्या बाहेर लाल मातीच्या माळावर आमचं पशुसंशोधन केंद्र होतं. मी तिथे जनावरांच्या डॉक्टरकीचं पुढचं शिक्षण घेत होते आणि अण्णा वासरांचा गोठा सांभाळायचे. रोज मन्नाएखेळ्ळीहून बसने यायचे. अंगात खाकी शर्ट, खाली धोतर आणि डोक्यावर बाराही महिने माकडटोपी. भर मे महिन्यात माळावर अंगाची लाही होत असताना टोपी. कोणी विचारलं की म्हणायचे, "कान माझं नाजूक हाईत." माझ्या गाइडना ते 'मोठ्या मॅडम' म्हणत आणि मला 'बारक्या मॅडम'. त्यांचं खरं नाव त्या सहीत होतं, पण ती शेपटी सोडून कोणाला काही वाचता येत नसे.

गोठ्यातल्या वासरांच्या कानांत पिवळे बिल्ले असतात आणि त्यांवर नंबर. आमची सगळी कागदपत्रं नंबरांवर चालायची. अण्णांचा नंबरांवर विश्वास नव्हता. केंद्रात लागायच्या आधी ते हुमनाबादच्या बसस्टँडबाहेर जीपगाड्या भरून द्यायचं काम करत. म्हणजे उभं राहून गावांची नावं ओरडायची, प्रवासी गोळा करायचे, कोंबायचे आणि गाडीच्या पत्र्यावर थाप मारून ती रवाना करायची. ओरडून गाडी भरण्यात हुमनाबादेत आपला कोणी हात धरू शकत नव्हतं असं ते सांगत. तीच गावं त्यांनी वासरांना वाटून टाकली होती. कपाळावर पांढरा ठिपका असलेलं ते भालकी. खादाड ते औराद. जरा खुळसट, उभ्या उभ्या झोपणारं ते हल्लीखेड. कुंपणातून सारखं निसटू बघणारं ते हैदराबाद. दूध पाजायची वेळ झाली की गोठ्यातून आरोळी यायची, "चला भालकी भालकी भालकी! औराद, ढकलू नका! हल्लीखेड, जागे व्हा, तुमचं ठेसन आलं!"

आणि वासरं नावाबरहुकूम यायची. मी माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर तक्ता करून ठेवला होता, कुठला नंबर म्हणजे कुठलं गाव, कारण अण्णांना नंबर विचारून उपयोग नसे.

एकदा बेंगळुरूहून कोणी मोठे अधिकारी केंद्र बघायला आले होते. सोबत मोठ्या मॅडम. त्यांनी सहज विचारलं, "अण्णा, सगळं ठीक?" अण्णा म्हणाले, "बाकी समदं बेस हाय मॅडम, पर बसवकल्याणला हगवण लागलीया. हैदराबादबी जरा ढिलं वाटायलंय." साहेबांनी खिशातून फोन काढला. कधीपासून, किती गावांत, वर कळवलं का, असे प्रश्न धडाधड सुरू झाले. साथ नसून दोन वासरांचं पोट बिघडलंय हे समजावताना मॅडमच्या कपाळावर घाम आला होता. साहेब गेल्यावर त्या अण्णांना खूप बोलल्या. अण्णा मान खाली घालून ऐकत होते आणि भालकी त्यांचं धोतर चघळत होतं.

जनावरांशी बोलायच्याही त्यांच्या भाषा ठरलेल्या होत्या. गाईंशी कानडी. बैलांशी दख्खनी उर्दू. देवणी जातीचा एक थोराड वळू होता, तो रागाला आला की अण्णा लांबूनच अदबीने विचारायचे, "कायकू गुस्सा कर रै जी? नक्को करो." आणि वासरांशी मराठी. मी कारण विचारलं तर म्हणाले, "माझी माय मऱ्हाटीत बोलायची. लेकराशी मायच्या भाषेत बोलावं." मला हे कारण इतकं आवडलं की त्या दिवशी घरी आईला उगाचच फोन केला.

त्यांची आणखी एक खोड म्हणजे साबण. दर आठवड्याला ते भांडारातून साबणाची नवी वडी मागायचे. भांडारातला कारकून वैतागून म्हणायचा, "गोठा आहे का धोबीघाट?" अण्णा हात धुवायचे तेही एखाद्या सर्जनसारखे, कोपरापर्यंत, फेस काढून, नखांच्या आतून. उजव्या हाताचा अंगठा तर कायम पांढुरका आणि सुरकुतलेला असायचा, दिवसभर धुणं धुणाऱ्या बाईचा असतो तसा. मी तो रोज बघत होते. निरीक्षण करायचं मला रीतसर शिक्षण मिळत होतं, आणि मला त्यात काहीही दिसलं नाही.

माझं सगळं त्या वासरांच्या रक्तावर टांगलेलं होतं. आतडं हे निरोप धाडणारं इंद्रिय आहे. दूध पोटात आलं की आतडं रक्तात हार्मोन सोडतं आणि त्यातून मेंदूला, स्वादुपिंडाला कळवतं की माल पोचला, आता पुरे. त्यातल्या एका हार्मोनवर माझं काम होतं. त्याचं नाव कोलेसिस्टोकायनिन. अण्णांच्या मते एवढं नाव एका जीपमध्ये मावणार नाही, दोन फेऱ्या कराव्या लागतील. वासरू दूध कसं पितं, किती वेळा पितं, यावर हा 'पुरे'चा निरोप कमी-जास्त होतो का, हे मला शोधायचं होतं.

पहिली चाचणी मी दिवसातून दोनदा पाजायचं की चारदा यावर लावली होती. ती तिसऱ्याच आठवड्यात बंद पडली, कारण वासरांना हगवण लागली. मोठ्या मॅडमना संशय आला तो घाणेरड्या हातांचा. त्यांनी भिंतीवर तीन भाषांत सूचना लावायला लावली, 'वासरांच्या तोंडात कोणीही हात, बोट वा काहीही घालू नये.' अण्णांनीच ती खळ लावून चिकटवली. दुसऱ्या दिवशी तिचा खालचा कोपरा औरादने चाटून खाल्ला.

दुसरी चाचणी सोपी होती. एका गटातली वासरं आईला प्यायची, दुसऱ्या गटातली बादलीतून, दोघांना दूध तेवढंच आणि वेळा त्याच. ही चाचणी संकरित गाईंवर होती, कारण आमच्याकडची देवणी गाय वासरू पुढ्यात नसलं की पान्हाच चोरते. माझी नोंदणीची मुदत संपत आली होती. ही चाचणी फसली तर तिसरी मिळणार नव्हती आणि पदवीशिवाय बॅग भरून भालकी तालुक्यातल्या आमच्या गावी परत. तिकडे काकांनी स्थळं बघायला सुरुवात केली होती. "पोरीला पदवी घेऊ दे, मग बघू," म्हणून वडिलांनी त्यांना कसंबसं थोपवून धरलं होतं. मला लग्नाची भीती नव्हती. हात हलवत परत गेलेली मुलगी म्हणून वडिलांपुढे उभं राहायची भीती होती, आणि ती फार होती.

दर सोमवारी आणि दर गुरुवारी सकाळी मी वासरांच्या मानेच्या शिरेतून थोडं रक्त काढायचे. मग त्यांना पाजायचं आणि अर्ध्या तासाने पुन्हा रक्त. मधल्या अर्ध्या तासात मी पहिल्या नळ्या बर्फात घालून प्रयोगशाळेकडे धावत सुटायचे. गोठ्यात राहायचे ते अण्णा. गुरुवारी त्यांची सुट्टी, त्या दिवशी बदलीचा माणूस यायचा. तो बादल्या ठेवायचा आणि मोबाइल काढून बसायचा.

सुट्टीच्या दिवशी अण्णा काय करत असतील? हुमनाबादला जात. स्टँडबाहेरच्या हॉटेलातल्या बाकावर बसून चहा पीत आणि गाड्या भरणाऱ्यांचं ओरडणं ऐकत. शुक्रवारी येऊन मला अहवाल देत. "आवाज हाय आजकालच्या गड्यांना. पर माणसाच्या डोळ्याकडं बगत न्हाईत. नजर मोबाइलात आन् तोंडानं 'कलबुर्गी कलबुर्गी'. कोण बसंल मग?"

माझ्या कामाबद्दल मात्र त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं. "म्हंजे वासराचं भागलं का न्हाई, ते तुमी रक्तात हुडकायलाव?" ते म्हणाले. "तोंडाकडं बगा की."

चार आठवड्यांचे नमुने मी एकदम तपासले आणि आलेख काढला. आईला पिणाऱ्या गटाची रेघ शहाण्यासारखी सरळ होती, पाजल्यावर 'पुरे'चा निरोप भरपूर. बादलीच्या गटाची रेघ करवतीच्या दातांसारखी. सोमवारी वर, गुरुवारी खाली, पुन्हा सोमवारी वर. सोमवारी ही वासरं आईला पिणाऱ्यांच्या जवळपास पोचायची आणि गुरुवारी जमिनीवर. दूध तेच, बादली तीच, वासरं तीच.

मोठ्या मॅडमनी आलेख उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. त्या कलबुर्गीच्या, घरी कानडी. माझ्याशी मराठीत बोलत आणि रागावल्या की इंग्रजीत. तेव्हा मराठीत बोलल्या म्हणून मला जास्तच भीती वाटली.

"आतड्याला वार कळतो का गं?"

"नाही मॅडम."

"मग नळ्यांची अदलाबदल केलीस. नाहीतर बर्फ वितळला. एका आठवड्यात कारण शोध. नाही सापडलं तर हे आकडे मी पुढे पाठवणार नाही."

मी चिठ्ठ्या तपासल्या, बर्फ तपासला, यंत्रं तपासली. हॉस्टेलमधल्या मैत्रिणींना मात्र गंमत सापडली. मेसमध्ये कोणी पोळी जास्त घेतली की, "आज सोमवारचं आतडं का गुरुवारचं?" मीही हसायचे आणि खोलीवर जाऊन रडायचे. अण्णांनी ते तोंड ओळखलं. आपल्या डब्यातली ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "खावा आदी. रक्त मागनं तपासा."

पुढच्या सोमवारी मी नळ्या घेऊन नेहमीसारखी निघाले आणि अर्ध्या वाटेत लक्षात आलं, नळ्यांवर लिहायचं पेन गोठ्यातच राहिलं. परत फिरले.

रिकाम्या बादल्या एका बाजूला पालथ्या होत्या. अण्णा मध्ये उकिडवे बसले होते. भालकीने त्यांचा उजवा अंगठा मुळापर्यंत तोंडात घेतला होता आणि डोळे मिटून, शेपटी हलवत ते चोखत होतं. मागे औराद, मग हल्लीखेड, मग हैदराबाद. चक्क रांग. आणि अण्णा हलक्या आवाजात, "एकेक, एकेक. ढकलू नका. जागा हाय, समद्यास्नी घेऊन जातो."

"अण्णा!"

ते दचकले. भालकी दचकलं नाही.

"कधीपासून?"

"म्हंजे... पैल्यापासनंच की, बारक्या मॅडम. हितं लागल्यापासनं."

"भिंतीवर काय लिहिलंय?"

"म्हणून तर साबण लावायलोय एवढा." त्यांनी अंगठा सोडवून घेतला. "बादलीतलं दूध दोन मिनटात संपतंय. प्वाट भरतंय वो, पर तोंड भरत न्हाई. मग एकमेकाचं कान चोखायलेत, बेंबी चोखायलेत. कवळी बेंबी चोखली की पिकती. दोन वासरं मेली माझ्या डोळ्याम्होरं अशानं. तवापासनं देतो अंगठा. घडीभर चोखलं की गप पडत्यात."

"अहो, पण माझे आकडे! वर्षभराचं काम माझं, वासरांना चोखायला दिलंत तुम्ही!"

मी खरंच ओरडले. आता आठवलं की लाज वाटते. अण्णा उठले, नळावर जाऊन अंगठा धुतला, सावकाश पुसला आणि म्हणाले, "मला काय ठावं? अंगठ्यात दूध न्हाई का काय न्हाई. ते रक्तात कुठनं जाईल?"

मी पेन घेतलं आणि निघाले, आणि वाटेत पायच थांबले. अंगठ्यात दूध नाही. आणि तरी आकडा वर जात होता. म्हणजे 'पुरे'चा निरोप नुसत्या दुधाने जात नाही. चोखण्यानेही जातो.

असं माझ्या डोक्यात आलं आणि लगेच दुसरंही आलं. सोमवारचे नमुने खराब झाले असं लिहून टाकलं की संपलं. गुरुवारचे आकडे पुस्तकात शोभतील असे होते. आईला पिणारी वासरं तृप्त, बादलीवरची अतृप्त, आणि पदवी हातात. अण्णांचं नाव निघायचं नाही, मॅडमचा नियम मोडला हे कळायचं नाही. दिवसभर मी पेन्सिल हातात घेऊन सोमवारच्या रकान्यांकडे बघत बसले. मी फार प्रामाणिक आहे म्हणून पेन्सिल चालली नाही, असं नाही. गुरुवारी एकमेकांचे कान ओढणारी वासरं मी पाहिली होती आणि सोमवारी रवंथ शिकत निवांत पडलेली तीच वासरं मी पाहिली होती. डोळ्यांनी बघितलेलं खोडता येईना.

संध्याकाळी मॅडमच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि त्या गोठ्याकडे चालू लागल्या. मी मागे. अण्णांची निवृत्ती दोन-तीन महिन्यांवर आली होती आणि त्यांना जाता जाता मी डाग लावला, असं मला वाटत होतं.

अण्णा संध्याकाळच्या बादल्या उचलत होते. आम्हाला बघून त्यांनी टोपी काढली, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की त्यांना टक्कल आहे. मॅडमनी विचारलं, "साबण कुठंय?" अण्णांनी वडी पुढे केली. मॅडमनी कोपरापर्यंत हात धुतले, भालकीपुढे उभ्या राहिल्या, त्याच्या तोंडात अंगठा दिला आणि डाव्या मनगटावरच्या घड्याळात बघायला लागल्या. भालकीने जीभ दोनदा फिरवली, अंगठा बाहेर टाकला आणि अण्णांकडे बघितलं.

"मॅडम," अण्णा चाचरत म्हणाले, "घड्याळ बगू नका. त्याला कळतंय."

आता इंग्रजी सुरू होणार म्हणून मी डोळे मिटले. उघडले तेव्हा मॅडम घड्याळ काढून पर्समध्ये टाकत होत्या. मग साडी सावरून त्या अण्णांसारख्या उकिडव्या बसल्या. या खेपेला भालकीने अंगठा घेतला आणि डोळे मिटले. मॅडमनी अंगठा तसाच राहू दिला.

"उरलेले चार आठवडे उलटं करायचं," शेवटी म्हणाल्या. "गुरुवारी अंगठा द्यायचा, सोमवारी नाही. आकडा अंगठ्याच्या मागे गेला तर तुझं काम झालं. वाराला चिकटून राहिला तर ही चाचणीही गेली आणि मी काही करू शकणार नाही. आणि अण्णा, तुमची गुरुवारची सुट्टी बंद. सोमवारी तुम्ही बादल्या ठेवायच्या आणि हात मागे."

अण्णांनी हुमनाबादचा विचारसुद्धा केला नाही. फक्त विचारलं, "सोमवारी चारी आठवडे न्हाई द्यायचा? एकदाबी?"

पहिल्याच सोमवारी सकाळी ते माझ्याकडे आले आणि उजवा हात पुढे केला. "बारक्या मॅडम, ह्याला पट्टी बांधा. उघडा ऱ्हायला तर जाईल आपसूक." पट्टी बांधताना मी तो अंगठा पहिल्यांदा नीट बघितला. पांढुरका, मऊ, टोकाकडे निमुळता. त्याच्यावर रेघ एकही नव्हती. इतक्या वर्षांत, इतक्या वासरांनी, रोज दोनदा. मशीनचा काही दोष नव्हता, बिचाऱ्याला वाचायला तिथे काही उरलंच नव्हतं. मी पट्टी जरा जास्तच घट्ट बांधली.

त्यांनी बादल्या ठेवल्या, हात मागे बांधले आणि दूध संपताच चालते झाले. गोठ्यात औराद हैदराबादच्या कानाला लागलं. वासरं बेंबीला लागू नयेत म्हणून त्या दिवशी बदलीचा माणूस, मोबाइल खिशात ठेवून, त्यांना वेगळं करत बसला होता. भालकी हंबरायला लागलं. नळ्या घेऊन धावताना मला अण्णा फाटकाजवळच्या दगडावर दिसले. गोठ्याकडे पाठ, माकडटोपी कानांवर गच्च ओढलेली. जवळून गेले तर स्वतःशीच पुटपुटत होते, "आज गाडी बंद हाय. भालकी गाडी बंद. उद्या या. बंद हाय आज."

असे चार सोमवार त्यांनी काढले. गुरुवारी मात्र भल्या सकाळच्या पहिल्या बसने हजर, नखं कापून, हात धुऊन.

शेवटच्या तपासणीचे आकडे आले तेव्हा मी आधी एकटीनेच बघितले. करवतीचे दात तसेच होते, फक्त उलटे. गुरुवार वर चढला होता आणि सोमवार खाली बसला होता. मी आलेख हातात घेऊन माळावरून पळत गोठ्यात गेले. "अण्णा, जमलं! आतडं तुमच्या अंगठ्याच्या मागे गेलं!"

अण्णांनी आलेखाकडे बघितलंही नाही. "व्हय? मग सोमवारची पट्टी सुटली म्हणा की," ते म्हणाले, आणि तिथल्या तिथे नळाकडे वळले.

पदवीची तोंडी परीक्षा झाली तोवर ते निवृत्त झाले होते. माझ्या प्रबंधात साधनांच्या यादीत मॅडमनी शब्द न शब्द ठेवला होता, 'गोठा-सेवकाचा साबणाने धुतलेला उजवा अंगठा'. बाहेरून आलेले परीक्षक तिथेच अडले. माणूस सज्जन होता आणि शंका रास्त होती.

"दुसऱ्या कोणाला ही चाचणी पुन्हा करायची असेल तर? हा अंगठा त्याने आणायचा कुठून?"

मी वळून दाराकडे बघितलं. वडील गावाहून आले होते आणि बाहेर बाकावर बसले होते, दार अर्धवट उघडं होतं आणि त्यांना सगळं ऐकू जात होतं. त्यांच्या शेजारी इस्त्रीच्या शर्टात अण्णा बसले होते, निकाल ऐकायला मुद्दाम मन्नाएखेळ्ळीहून आलेले. मॅडमनी त्यांना आत बोलावलं आणि प्रश्न कानडीतून सांगितला. अण्णांनी परीक्षकांच्या डोळ्यांकडे बघून मराठीत उत्तर दिलं.

"कुणाचाबी चालतोय, सायेब. नख काढायचं. साबण लावायचा. आन् घाई करायची न्हाई."

"माझाही चालेल?"

अण्णांनी त्यांच्या मनगटावरचं घड्याळ बघितलं. "ते काढून ठिवलं तर चालंल."

मॅडमनी तोंडावर रुमाल धरला. परीक्षक खळखळून हसले आणि त्यांनी कागदावर सही केली. मी बाहेर आले तर वडील उभे होते. त्यांनी अण्णांना वाकून नमस्कार केला.

पुढे बांधलेल्या प्रबंधाची एक प्रत त्यांच्यासाठी घेऊन मी मन्नाएखेळ्ळीला गेले. हायवेच्या कडेला त्यांचं घर, दारात एक पाडी. पहिल्या कोऱ्या पानावर मी त्यांचे आभार लिहिले होते. म्हटलं, माझी प्रतही आणलीय, तिच्यावर तुमची सही करा. मुद्दाम मोठं पान ठेवलंय, शेपटीला जागा आहे.

अण्णांनी पान उलटं-सुलटं करून बघितलं. यादीतली ती ओळ कुठं आहे ते बोट लावून दाखवायला सांगितलं. मग शेजारच्या खताच्या दुकानात गेले आणि निळ्या शाईचं पॅड मागून घेऊन आले.

"सही कुणीबी करतंय," म्हणाले. "ह्याच्यावर अंगठाच पायजे."

सही आल्यापासून कुठल्याच कागदावर न दिलेला अंगठा त्यांनी पॅडवर दाबला, मग पानावर टेकवला आणि घाई न करता उचलला. सुपारीएवढा, लांबट, निळाभोर ठसा. आत काही नाही. अण्णा त्याच्यावर वाकले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"रेघा न्हाई उमटल्या वो. दुसरा दिऊ?"

"नको अण्णा," मी म्हणाले. "बरोबर उमटलाय."